फुल्हदूचे पाणी

मराठी बोलण्यात कवडीला किंमत उरलेली नाही. जमीन कवडीमोल भावाने जाते, नातेवाईक फुटकी कवडी देत नाही, कंजूष माणूस कवडीचुंबक ठरतो. देवीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेत ती अजून दिसते, एवढेच. पण हे शब्दप्रयोग भाषेत उगाच आलेले नाहीत. एके काळी कवडी हे खरोखरीचे नाणे होते, बाजारातले सगळ्यांत लहान नाणे. विशेष म्हणजे ते कोणत्याही टांकसाळीत पाडले जात नव्हते. ते समुद्रातून वेचले जात होते. हिंदुस्थानात चलन म्हणून फिरणारी कवडी मुख्यतः मालदीव बेटांच्या उथळ पाण्यातून येत असे, आणि ती वेचणारे हात बहुतेक बायकांचे असत.

माझा धाकटा भाऊ माले येथे नोकरी करतो. त्याच्या निमित्ताने दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालदीवला गेलो आणि तेथून स्पीडबोटीने दोनेक तासांवर असलेल्या फुल्हदू या गावी चार दिवस राहिलो. गाव म्हणजेच बेट. लांब, अरुंद, एका टोकाकडून चालत निघालो तर अर्ध्या तासाच्या आत दुसरे टोक. वस्ती काही शे माणसांची. एक शाळा, मशीद, दोन-चार दुकाने, काही गेस्ट हाउसे आणि बाकी नारळीची झाडे व पांढरी वाळू. लोक येथे पाण्यात डोके घालून प्रवाळ आणि मासे पाहायला येतात. मास्क आणि श्वास घेण्याची नळी लावून पोहणारे पृष्ठभागावर राहतात, पाठीवर हवेची टाकी बांधणारे खोल जातात. मी पहिल्या प्रकारातली. कोकणात जन्म जाऊनही पाण्याखाली डोळे उघडून पाहण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. कमीज पाण्यात शिडासारखी फुगत होती, ती सांभाळण्यातच पहिला दिवस गेला. तेथल्या बायका मात्र अंगभर कपड्यांनिशी अगदी सहज पोहतात. त्यात काही विशेष आहे असे कुणालाच वाटत नाही.

अशा जागांच्या जाहिरातीत एक शब्द हमखास असतो: 'अस्पर्शित'. जणू पर्यटकांच्या आधी येथे कुणी आलेच नव्हते. २०२४ च्या जानेवारीत मालदीव आणि लक्षद्वीप यांच्यावरून आपल्याकडे जो वाद पेटला, त्यातही कोणाचा किनारा जास्त सुंदर याचीच तुलना चालली होती. दोन्ही ठिकाणी माणसे राहतात, ती जवळजवळ सगळी मुसलमान आहेत आणि त्यांची स्वतःची जुनी तवारीख आहे, याची आठवण फार थोड्यांना झाली. फुल्हदूचे पाणी अस्पर्शित तर नाहीच. उलट या गावाच्या समुद्राविषयी चारशे वर्षांपूर्वीचा जेवढा लेखी तपशील उपलब्ध आहे, तेवढा आपल्या किनाऱ्यावरच्या फारच थोड्या खेड्यांविषयी मिळेल. आणि तो लिहिणारा माणूस येथे सहलीला नव्हे, बुडता बुडता आला होता.

१६०१ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या सँ-मालो बंदरातून 'क्रॉसाँ' आणि 'कॉर्बिन' ही दोन जहाजे मसाल्यांच्या व्यापारासाठी पूर्वेकडे निघाली. पुढच्या वर्षी २ जुलैला, पहाट होण्याआधी, 'कॉर्बिन' गोइदू अटॉलच्या प्रवाळखडकांवर आदळले. कप्तान आजारी होता, आणि पहारा नीट नव्हता असा दोष फ्रांस्वा पिरार नावाच्या खलाशाने नंतर स्पष्ट शब्दांत दिला. चाळीसेक माणसे कशीबशी जवळच्या बेटावर पोहोचली. ते बेट फुल्हदू. पिरारच्या पुस्तकात त्याचे नाव 'पुलादू' असे येते.

पुढे जे घडले ते फारसे सुंदर नाही. फुटलेल्या जहाजातली प्रत्येक वस्तू सुलतानाची, असा तेथला कायदा होता. बेटावरच्या लोकांना त्या कायद्याचीही भीती आणि परक्यांचीही. ज्यांच्याजवळ चांदी होती त्यांना अन्न मिळाले, तेही भारी भावाने. नसलेले किनाऱ्यावरच्या शिंपल्या-गोगलगाई खाऊन राहिले. ताप, उपासमार आणि पळून जाण्याचे फसलेले प्रयत्न यांत माणसे एकेक करून संपली. गावकऱ्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की ज्या बेटावर तांदूळ पिकत नाही, सगळे धान्य बाहेरून येते, तेथे चाळीस भुकेली तोंडे अचानक उतरली होती.

पिरार वाचला तो भाषेमुळे. त्याला शेजारच्या फेहेन्दू बेटावर ठेवले होते. तेथे त्याने लोकांना विचारून विचारून दिवेही भाषेचे शब्द जमवले. सुलतानाचा अधिकारी आला तेव्हा हा फिरंगी आपली बोली बोलतो याचे त्याला कौतुक वाटले आणि तो त्याला मालेला घेऊन गेला. तेथे सुलतानाच्या आश्रयाने पिरार १६०७ पर्यंत राहिला. कैदी म्हणा, पाहुणा म्हणा. त्या वर्षी बंगालच्या आरमाराने मालेवर हल्ला केला, सुलतान मारला गेला आणि पिरारची सुटका झाली. ही स्वारी 'कॉर्बिन'च्या तोफा मिळवण्यासाठीच झाली होती, असे पिरार सांगतो. म्हणजे फुल्हदूच्या खडकावर फुटलेल्या जहाजाने पाच वर्षांनी राजधानीलाही बुडवले. पिरार तेथून कालिकत, कोचीन असे करत १६०८ मध्ये गोव्याला पोहोचला. गोव्यातल्या राजेशाही इस्पितळात तो बरा झाला आणि त्या इस्पितळाचे त्याने तोंडभरून वर्णन केले. १६११ मध्ये तो आपल्या गावी परतला आणि त्याच वर्षी त्याचे पुस्तक छापले गेले. त्याच्या शेवटी दिवेही शब्दांची यादी जोडलेली आहे. ज्याला आज जगभर 'अटॉल' म्हणतात तो शब्द मूळचा दिवेही आहे, आणि तो युरोपच्या वाचकांपर्यंत पोहोचला तो याच पुस्तकातून.

मी फुल्हदूच्या लगूनमध्ये तरंगत होते तेव्हा पिरारने सांगितलेल्या दोन गोष्टी मनात होत्या. पहिली कवड्यांची. तो लिहितो की कवड्या महिन्यातून दोनदा गोळा होतात, अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे तीन-तीन दिवस. बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून त्या वेचतात. पुस्तकात ही माहिती एखाद्या नवलासारखी येते. कोकणातल्या वाचकाला मात्र ती लगेच कळेल. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि त्याच दिवसांत आपल्याकडच्या बायका कोयती-टोपली घेऊन कालवे काढायला खडपांवर जातात. समुद्राचे हे पंचांग दोन्ही किनाऱ्यांवर एकच आहे.

इब्न बतूता पिरारच्या अडीचशे वर्षे आधी, १३४३ मध्ये, मालदीवला आला. तो कवड्यांचा सगळा हिशेब देतो. शंभरांच्या गठ्ठ्याला एक नाव, सातशेला दुसरे, बारा हजारांना तिसरे, लाखाला चौथे. कवड्या खड्ड्यात पुरून ठेवत, आतले मांस कुजून गेले की पांढरे कवच उरे. सोन्याच्या एका दिनारला चार लाख कवड्या मिळत, आणि भाव पडला की याहून कितीतरी जास्त. बंगालचे व्यापारी त्यांच्या बदल्यात तांदूळ आणत. येमेनचे लोक जहाजाला भार म्हणून वाळूऐवजी कवड्याच भरत. पुढे हाच माणूस सहाराच्या पलीकडे माली देशात गेला तेव्हा तेथेही त्याला कवड्या दिसल्या. तेथे एका दिनारला ११५० मिळत होत्या. चार लाख आणि ११५०, या दोन आकड्यांमध्ये व्यापाराचा सगळा इतिहास आहे.

त्या इतिहासाचे शेवटचे प्रकरण मन विषण्ण करणारे आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत डच आणि इंग्रज व्यापारी मालदीवच्या कवड्या युरोपला नेऊ लागले, तेथून त्या पश्चिम आफ्रिकेला जात आणि तेथे त्यांच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात. गुलामांच्या व्यापाराला जी नाणी लागली त्यांतली कित्येक अशाच एखाद्या बेटावर ओहोटीच्या वेळी एखाद्या बाईने वाकून उचललेली असतील. तिला हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. तिला त्याचे तांदूळ मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून झांजिबारकडची स्वस्त कवडी आफ्रिकेच्या बाजारात आली आणि मालदीवचा हा धंदा उतरणीला लागला.

दुसरी गोष्ट प्रवाळाची. आज प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभे राहू नका, असे पाण्यात उतरण्यापूर्वी बजावले जाते, आणि ते योग्यच आहे. पण शतकानुशतके हाच या लोकांचा दगड होता. या बेटांवर खडक नाही, डोंगर नाही, चिऱ्याची खाण नाही. घर, विहीर, कबर, मशीद, जे काही पक्के बांधायचे ते समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडानेच. पाणबुडे श्वास रोखून खाली जात. पिरारने त्यांची युक्ती सांगितली आहे: कांडू नावाचे एक फार हलके लाकूड असते. पाणबुड्या तळच्या दगडाला दोर बांधतो, मग त्या दोराला कांडूचे तुकडे एकामागून एक जोडत जातात, इतके की शेवटी लाकडाच्या उचलण्याने दगडच तरंगत वर येतो. नांगर, तोफा, मोठे खडक, सगळे याच रीतीने वर काढत. हे लोक अर्धे मासेच आहेत, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले आहेत. हवेच्या टाकीशिवाय, काचेच्या मास्कशिवाय हे चालत होते हे लक्षात घेतले की आपल्या डोळ्यांवरचा मास्क जरा ओशाळवाणा वाटू लागतो.

प्रवाळाचा दगड पाण्यातून ताजा काढला की मऊ असतो, सुतारकामाच्या हत्यारांनी कापता येतो. वाळला की कठीण होतो. या दगडाला सुतार लाकडाला करतो तशा खाचा आणि जोड करून, चुना न वापरता, मशिदींच्या भिंती उभारल्या आहेत. मालेची हुकुरु मिस्किय ही मशीद सुलतान इब्राहीम इस्कंदर पहिला याने १६५८ मध्ये पूर्ण केली. तिच्या भिंतींवरचे कोरीव काम जवळून पाहिले तर दगडात अजूनही प्रवाळाची जाळी दिसते. ही कला इस्लामबरोबर बाहेरून आलेली नाही. ११५३ मध्ये येथला राजा मुसलमान झाला, त्याआधी ही बेटे बौद्ध होती आणि बौद्धांचे स्तूपही याच दगडाचे होते. कारागीर तेच राहिले, त्यांनी किब्ल्याकडे तोंड करून नव्या इमारती बांधल्या. बाराव्या शतकाच्या अखेरच्या ताम्रपटांत या धर्मांतराच्या काळातल्या घडामोडी नोंदलेल्या आहेत आणि त्यांत बौद्ध भिक्षूंच्या वाट्याला आलेले दुःखही लपवलेले नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या मुसलमानांनी जे लिहून ठेवण्याचे धाडस केले, ते सोसण्याची ताकद २०१२ च्या काही तरुणांत नव्हती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जमावाने मालेच्या राष्ट्रीय संग्रहालयात घुसून प्रवाळाच्या प्राचीन बौद्ध मूर्ती फोडल्या. त्या मूर्ती कुणी पूजत नव्हते. तो त्यांच्याच वाडवडिलांच्या हातांचा पुरावा होता.

मशिदीचे ते नाव पुन्हा एकदा वाचून पाहा: हुकुरु मिस्किय. मिस्किय म्हणजे मशीद हे ओळखू येते. हुकुरु म्हणजे शुक्र. शुक्रवारची मशीद! दिवेही भाषेत पूर्वीच्या 'स'चा आणि 'श'चा 'ह' झाला आहे. रविवार म्हणजे आदीत्त, सोमवार होम, मंगळवार अंगारा, मग बुध, बुरासफति, हुकुरु आणि होनिहिरु. आदित्यापासून शनैश्चरापर्यंत सातही वार आपलेच. जेथे शंभर टक्के नागरिक मुसलमान आहेत त्या देशात जुम्याची नमाज शुक्राच्या नावाने पढली जाते आणि त्यामुळे कुणाचा ईमान धोक्यात येत नाही. नमाजला ते 'नमादु' म्हणतात, रोजाला 'रोदा'. हे फारसीकडून आले. पाणी 'फेन', मासा 'मस', साखर-गूळ 'हकुरु', तीनला 'तिने'. हे सिंहलीच्या नात्याने आपल्या मराठीशीही दूरच्या बहिणीसारखे जुळते. दोन्ही प्रकारचे शब्द एकाच वाक्यात बसतात आणि एकमेकांना परके मानत नाहीत.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि हा लेख मराठीत लिहिते आहे. 'तुम्ही मराठी एवढे चांगले कसे बोलता?' हा प्रश्न या वार्षिकाच्या वाचकांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकला असेल. आणि आपल्याच घरात, 'उर्दू सोडून मराठीत कशाला लिहितेस?' हाही. दोन्ही प्रश्नांमागे समज एकच आहे: धर्माची एक भाषा असते आणि मातीची दुसरी, व माणसाने त्यांतली एक निवडावी. फुल्हदूच्या शाळेच्या भिंतीवर थाना लिपीतली अक्षरे रंगवलेली पाहिली तेव्हा हा समज किती पोकळ आहे ते दिसले. थाना उजवीकडून डावीकडे लिहितात, स्वरांच्या खुणा आपल्या जेर-जबरवरूनच घेतल्या आहेत, फक्त आपल्यासारखी त्या गाळण्याची सोय नाही. उर्दू पहिलीच्या मुलांना शिकवणाऱ्या कुणालाही या नियमाचा हेवा वाटेल. पण अक्षरे पाहिली तर पहिली नऊ अरबी आकड्यांवरून बनवलेली आहेत आणि पुढची नऊ त्यांच्या जुन्या देशी आकड्यांवरून. लिपी करणाऱ्याने दोन्ही खिसे रिकामे केले आणि एक वर्णमाला तयार केली. या देशात साक्षरता ९५ टक्क्यांहून अधिक आहे.

ती जुनी आहे हेही पिरारमुळेच कळते. मुलांना लिहायला शिकवण्यासाठी गुळगुळीत फळी असते, तिच्यावर बारीक वाळू पसरतात आणि टोकदार काडीने अक्षरे काढतात, असे तो सांगतो. ही तर आपली धूळपाटी! महाराष्ट्रातल्या पंतोजींच्या शाळेत जी होती तीच मालदीवच्या मकतबमध्ये होती. तेथे वाळू पांढरी, एवढाच फरक.

इब्न बतूताला मात्र या मिश्रणाचा त्रास झाला. तो दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाच्या दरबारातून निघून दौलताबाद, खंबायत, होन्नावर, गोवा असा किनाऱ्याने फिरत येथे पोहोचला होता. त्याला काझी केले गेले. लोक स्वच्छ आहेत, नमाजी आहेत, दुआ हेच त्यांचे हत्यार आहे, अशी त्याने तारीफ केली. पण येथल्या बायका कमरेच्या वर वस्त्र घेत नाहीत हे त्याला सहन होईना. त्याने हुकूम काढले. आपल्या कचेरीत येणाऱ्या बायकांपुरते ते चालले, बाहेर कुणी ऐकले नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. आणि राज्य करत होती एक स्त्री, सुलताना खदीजा. आपल्या उर्दू क्रमिक पुस्तकांत इब्न बतूता थोर सय्याह म्हणून येतो. त्याचा हुकूम न मानणाऱ्या या बायका येत नाहीत. आज त्याच बेटांवर बायका अंगभर कपड्यांत पोहतात. काळ असाही बदलतो. पण त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते मगरिबच्या काझीने, फ्रान्सच्या खलाशाने, नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी. कवडी वेचणारीने काहीच लिहून ठेवलेले नाही.

इंग्रजांच्या नोंदींचा धागा मुंबईशी जोडलेला आहे. १८३४ ते १८३६ या काळात कमांडर मोर्सबी याने या बेटांची पहिली शास्त्रशुद्ध मोजणी केली. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारातला. यंग आणि क्रिस्टोफर हे त्याचे दोन लेफ्टनंट मालेत राहून लोकजीवनाची टिपणे करत होते, तापाने पार खंगले, आणि त्यांचा वृत्तांत मुंबईच्या भूगोल संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. मोर्सबीच्या नकाशांवरच पुढे जगातली जहाजे विसंबली. गोइदू अटॉलला इंग्रजी नकाशात नाव मिळाले हॉर्सबर्ग. जेथे हजार वर्षे माणसे राहतात त्या जागेलाही बाहेरून आलेला माणूस नवे नाव देतोच. त्याच शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्यांनी मालेत पेढ्या घातल्या आणि तांदूळ, कापड व सुक्या मासळीचा व्यापार बराच काळ त्यांच्या हातात राहिला.

पर्यटक आले ते १९७२ मध्ये. इटलीचा एक प्रवास व्यावसायिक पहिली तुकडी घेऊन आला. त्याचे आडनाव होते कॉर्बिन! योगायोगच, पण जहाजाची हकीकत माहीत असलेल्याला हसू आल्याशिवाय राहत नाही. त्याच वर्षी कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट उघडले. पुढे धोरण ठरले: निर्जन बेटे रिसॉर्टना द्यायची, एका बेटावर एकच रिसॉर्ट, आणि वस्तीची बेटे परदेशी पाहुण्यांपासून दूर ठेवायची. दारू आणि उघडे कपडे गावात नकोत, हे कारण होते. ते समजण्यासारखे आहे. पण परिणाम असा झाला की समुद्र गावाचा आणि त्यातून आलेला पैसा दुसरीकडे. फुल्हदूसारख्या गावचा तरुण महिनोन् महिने घर सोडून दुसऱ्या बेटावर चादरी बदलायला जात होता. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाउसना परवानगी मिळू लागली तेव्हा कोठे हे थोडे बदलले. आता गावातल्या घरात खोली मिळते, घरची बाई मासळीचे गरुदिया नावाचे सार वाढते, तिचा मुलगा खडकाच्या कडेपर्यंत नेऊन मास्क नीट बसवून देतो. परदेशी पाहुण्यांसाठी किनाऱ्याचा एक तुकडा बाजूला राखलेला असतो. बाकी किनारा गावाचा. हा तोडगा मला रिसॉर्टपेक्षा जास्त इज्जतीचा वाटला.

खडकाची कडा म्हणजे जेथे लगूनचे उथळ हिरवे पाणी संपते आणि तळ एकदम निळ्या अंधारात उतरतो ती जागा. तेथे पोहणाऱ्याच्या छातीत पहिल्यांदा धस्स होते. १६०२ च्या त्या रात्री जहाज अशाच कडेवर चढले असणार. एका बाजूला हजारो फूट खोल पाणी, दुसऱ्या बाजूला पुरुषभर. मधे काही हातांचे अंतर. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. त्यांच्या पोटातून जाऊनच त्या प्रवाळाची वाळू होते, म्हणजे हा सुंदर पांढरा किनारा बराचसा माशांनी घडवलेला आहे.

पण जे पाहिले ते पूर्वीचे वैभव नव्हे. पुष्कळ ठिकाणी प्रवाळाच्या फांद्या मेलेल्या, करड्या, शेवाळ धरलेल्या होत्या. १९९८ मध्ये समुद्राचे पाणी तापले आणि मालदीवच्या उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ पांढरे पडून मेले. ते सावरत होते तोच २०१६ आला, आणि मग २०२४. प्रवाळाच्या आत सूक्ष्म शैवाल राहते, तेच त्याला अन्न आणि रंग देते. पाणी एक-दोन अंशांनी काही आठवडे जास्त तापले की प्रवाळ या सोबत्याला बाहेर टाकते आणि उपाशी मरते. ज्या बा अटॉल प्रशासकीय विभागात फुल्हदू मोडते, त्याला २०११ मध्ये युनेस्कोने जैवावरणाच्या राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. त्याच भागातल्या हनिफारूच्या खाडीत मांता मासे शेकड्यांनी जमतात आणि तेथे हवेच्या टाक्या घेऊन उतरण्यास बंदी आहे. हे सारे चांगले आहे. परंतु राखीव क्षेत्राच्या पाट्या पाण्याचे तापमान उतरवू शकत नाहीत. ते तापवण्यात फुल्हदूच्या लोकांचा वाटा नगण्य आहे, आणि देशाची बहुतेक जमीन समुद्रापासून मीटरभरच उंच असल्याने भोगणारे मात्र तेच पहिले. तेथपर्यंत विमानाने जाणाऱ्या माझ्यासारख्यांचा वाटा त्यांच्याहून मोठा आहे, हेही हिशेबात धरले पाहिजे.

चार दिवसांत वाळूत मला दोन-तीनच कवड्या दिसल्या. उचलल्या नाहीत, शिंपले-प्रवाळ घेऊन जाऊ नका, असे गेस्ट हाउसच्या दारावरच लिहिलेले होते. घरच्या आजींना कवडीला काय म्हणता, असे विचारले तेव्हा त्यांनी 'बोली' असे सांगितले. मराठीतला 'बोली' शब्द सांगितल्यावर त्या खूप हसल्या. त्यांना हिंदी सिनेमांमुळे थोडे हिंदी येत होते.

ज्यांना ही भाषा ऐकायची आहे आणि परदेशाचा खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी एक सांगते. पिरार सुटकेनंतर हिंदुस्थानकडे येताना वाटेत मिनिकॉय बेटावर थांबला होता. ते बेट आज आपल्या लक्षद्वीपमध्ये आहे आणि तेथले लोक अजूनही हीच भाषा बोलतात. तिला तेथे महल म्हणतात. शाळेच्या नकाशात ते शोधायला मुलांना भिंग लागते.